एका सालाची मुखत्यारी

माझ्या बापाने मला नोटीस पाठवली होती. माणसाकरवी निरोप नाही, दोन ओळींचं कार्ड नाही. वकिलाची नोटीस, रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसकट. आली तीही शाळेच्या पत्त्यावर. मधली सुट्टी होती, शिक्षकखोलीत सगळ्यांचे डबे उघडलेले, आणि पोस्टमनने माझं नाव मोठ्याने पुकारून सही मागितली. घरी जाऊन निवांत फोडावं एवढा धीर माझ्यात कधीच नव्हता. तिथेच पाकीट फाडलं, तिथेच वाचलं. वकिलांच्या अशिलाने मला करून दिलेलं कुलमुखत्यारपत्र रद्द केलं आहे, यापुढे त्यांच्या वतीने कुठेही सही केल्यास ती बेकायदेशीर धरली जाईल. अशील म्हणजे माझे आबा. शेजारच्या बाईंनी विचारलं, काही वाईट बातमी का हो? म्हटलं, छे, शेताचं काहीतरी आहे. डबा तसाच झाकला आणि वर्गावर गेले. त्या तासाला मी दोन मुलींना काही कारण नसताना बाकावर उभं केलं. त्या विसरल्याही असतील, मी विसरलेले नाही.

आमचं गाव यावल तालुक्यातलं. चार एकरांचा केळीचा मळा, विहीर, आणि गावात दोन खोल्यांचं घर, पुढे ओटा. आई मी शिकत असतानाच गेली. भाऊ दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला, आज सकाळपाळी तर उद्या रात्रपाळी. मी लग्न होऊन जळगावला, मेहरूणात, आणि तिथल्याच एका शाळेत शिक्षिका. मळा बघायचे आबा आणि आमचा सालदार.

सालदार म्हणजे सालाने ठेवलेला गडी. आमच्याकडे त्याचं साल आखाजीला सुरू होतं आणि पुढच्या आखाजीला संपतं. अक्षय्य तृतीया म्हणतात ती बाहेर, आमची ती आखाजी. त्या दिवशी पितरांची घागर भरून झाली, जेवणं झाली, की आबा ओट्यावर बसायचे आणि सालदाराच्या हातावर पानाचा विडा ठेवायचे. विडा दिला आणि त्याने घेतला की पुढचं साल ठरलं. कागद नाही, सही नाही. विडा दिला नाही तर साल सरलं, दोघंही मोकळे, कुणी कुणाला कारण विचारायचं नाही. मी सातवीत असताना हा सालदार आमच्याकडे आला, आणि तेव्हापासून दरवर्षी आबा विडा देत आले आणि तो घेत आला. आम्ही भावंडं त्याला काका म्हणायचो. मला सायकल चालवायला त्यानेच शिकवली.

नव्वद साल उजाडायच्या थोडं आधीची गोष्ट. जन्मभर विहिरीत उतरणारा, पाइपावर चढणारा माझा बाप स्वतःच्या घराच्या ओट्यावरून पडला. मांडीचं हाड मोडलं. जळगावच्या दवाखान्यात पायाला वजन बांधून पडून राहिले. इकडे मळ्यातलं पाणी थांबेना, कामं थांबेनात. पंपाची लाईट, सोसायटी, तलाठी, जिथे जावं तिथे खातेदाराची सही पाहिजे. भाऊच म्हणाला, आबा, हिच्या नावाने मुखत्यारपत्र करा, मला काही रजा मिळत नाही. म्हणजे भांडण वगैरे काही नव्हतं हो. सगळं राजीखुशीचं होतं.

आबांना दवाखान्यातून घरी नेताना जीप यावलच्या रजिस्टर कचेरीपुढे थांबवली. आखाजी दोन-तीन दिवसांवर आलेली. दस्त लिहिणाऱ्याने कागद वाचून दाखवला. आबांनी डोळे मिटून सगळा ऐकला आणि एकच विचारलं, हे किती दिवसांचं? तो म्हणाला, तुम्ही रद्द करेपर्यंत. आबांना ते पटलं नाही. गडी ठेवला तर त्याला साल असतं, हिला का नको? म्हणाले, एक साल धरा, आखाजी ते आखाजी. दस्तलेखक हसला. कागदात लिहायची गरज नाही आबा, तुम्ही तोंडाने सांगाल त्या दिवशी हे संपलं. आबांचं समाधान झालं. त्यांनी सही केली. मग भावाला स्टँडवरच्या टपरीवर पिटाळून एक विडा आणवला आणि जीपमध्ये आडवं पडल्या पडल्या माझ्या हातावर ठेवला. मला हसू आलं. मी तो खाल्ला, रंगलाही चांगला.

वर्षभर मी मळा सांभाळला, आणि चांगला सांभाळला, उगाच नम्रपणा कशाला. दर रविवारी पहिल्या बसने जायचे. केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं कधी कापायची, कोणत्या वाफ्याला पाणी कमी पडलं, हे काका मला शिकवायचे, आणि मी वहीत लिहून घ्यायचे. केळी भरणारे व्यापारी आधी माझ्याशी बोलताना काकांकडे बघायचे, पुढे पुढे माझ्याकडे बघायला लागले. तलाठ्याच्या कचेरीत मला खुर्ची मिळायला लागली. शाळेत मी अनेकींतली एक होते. मळ्यात मी म्हणेन ते व्हायचं. मुखत्यारीची चटक लागते माणसाला. बाईमाणसाला तर फारच लागते, कारण जन्मात पहिल्यांदा कुणीतरी आपली सही मागत असतं.

आखाजी आली. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात तशी मीही गेले. आबा काठी घेऊन हिंडायला लागले होते. घागर भरली, तिच्यावर लहान मडकं, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज ठेवलं, निखाऱ्यावर पितरांच्या घासाची आगारी टाकली. आमरस, पुरणपोळी, रशी, सगळं झालं. मग आबा ओट्यावर बसले. त्यांनी काकांना बोलावलं, विडा दिला आणि म्हणाले, आतापासून सालाने नको, मळा निम्म्याने कर. म्हणजे अर्धं पीक त्याचं, अर्धं आमचं. ज्याच्या नावावर ढेकूळ नाही अशा माणसाला हे काय वाटलं असेल ते मी त्याच्या हाताकडे बघून ओळखलं. विडा तोंडात घालायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला.

मग आबा माझ्याकडे वळले. "बाई, तुझं साल सरलं. तू चांगलं पाह्यलं. आता माझं मी पाहीन."

मला साडी दिली. विडा दिला नाही.

मला सगळं कळलं होतं. शब्दन् शब्द कळला होता. माझी मुखत्यारी त्यांनी त्या क्षणी संपवली होती, त्यांच्या रीतीने, त्यांच्या ओट्यावर, पितरांची घागर आत भरलेली असताना. पण मेहरूणच्या घरी माझ्या कपाटात एक कागद होता, आणि त्या कागदाला आखाजी ठाऊक नव्हती. हे मी त्यांना सांगायला हवं होतं. कागद परत आणून द्यायला हवा होता. मी म्हटलं, बरं आबा. सणाच्या दिवशी कशाला तो विषय, असं मनाशी म्हणाले. आता भ्यायला कोणी उरलं नाही तर खरं सांगते, मला तो कागद द्यायचाच नव्हता.

ज्येष्ठात आबा मोरीत घसरले. हाड मोडलं नाही, पण माझं काळीज हललं. खेड्यात एकटा म्हातारा, वेळेला पाणी द्यायला कोणी नाही. मी ठरवून टाकलं की त्यांना मेहरूणला आणायचं. मळा असेपर्यंत ते यायचे नाहीत, म्हणून मळा द्यायचा. शेजारच्या गावचा एक बागाईतदार केव्हाचा मागे लागला होता. पाच वर्षांचा भाडेपट्टा. मी कपाटातला कागद काढला आणि आबांच्या वतीने सही केली. त्यांना नंतर समजावू, ओरडतील दोन दिवस, मग बसतील गप्प, असा माझा हिशेब. बापाच्या भल्यासाठीच करत होते मी. निदान अर्धं तरी त्यासाठीच.

तोवर मृग लागून गेला होता आणि काकांनी निम्म्याच्या भरवशावर मळ्यात केळीचे कंद लावले होते. बागाईतदाराची माणसं कागद घेऊन आली. कंद उपटून त्यांनी बांधावर टाकले. काका भांडले नाहीत. त्यांनी त्यातला एक कंद उचलला, गावात आले आणि तो आबांच्या पुढ्यात ओट्यावर ठेवला.

आबांचा विश्वासच बसेना. हे सगळं मला पुढे भावाने सांगितलं. ते म्हणत राहिले की त्या बागाईतदाराने खोटी सही केली आहे, कारण माझ्या पोरीचं साल आखाजीलाच सरलं, ती कशी सही करेल? भावाने दस्ताची नक्कल काढून आणली. सही माझीच होती. तेव्हा कुठे वकील गाठला, मुखत्यारपत्र रद्द केलं, आणि ती नोटीस माझ्या शाळेत आली.

नोटीस मिळाल्यावर एखादी शहाणी लेक पुढच्या बसने माहेरी गेली असती. मी गेले वकिलाकडे. सगळ्या शिक्षकखोलीपुढे माझी शोभा झाली होती ना! रागाच्या भरात मी वकिलाला म्हटलं, हे आबांचं डोकं नाही, माझ्या भावाने त्यांना चढवलं आहे. वकिलाने ते त्याच्या भाषेत मांडलं. वडील वयोवृद्ध आहेत, त्यांना विस्मरण होतं, भोवतालच्यांच्या दबावाखाली त्यांनी हे रद्दपत्र केलं आहे. मी वाचलं आणि सही केली. एक शब्दही खोडला नाही. वर्षभर जगाच्या कागदांवर सह्या करून मला सही करायची सवय झाली होती.

भावाने ते उत्तर आबांना वाचून दाखवलं. तो गाळणार होता विस्मरणाचं वाक्य, पण आबा तिखट कानाचे, अडखळला तसं त्यांनी पकडलं आणि परत वाचायला लावलं. ऐकून म्हणाले, हे वकिलाचं लिहिणं हाये, तिचं नही.

मग दावा लागला. आबांचं म्हणणं, मुखत्यारी आखाजीला संपली होती, तेव्हा नंतरचा भाडेपट्टा खोटा. गड्याला मी शब्द दिलाय, मळा त्याच्याकडेच राहिला पाहिजे. माझं आणि बागाईतदाराचं म्हणणं, कागदात मुदत नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमच्यात शहाणं कोण होतं देव जाणे. तारखांवर तारखा पडल्या. दोन आखाज्या मी माहेरी गेले नाही.

शेवटी साक्षी निघाल्या. आबा आधी. पांढरी टोपी, इस्त्री नसलेला पण धुतलेला सदरा, काठी. पिंजऱ्यात त्यांना बसायला स्टूल दिलं तर नको म्हणाले. कागदात मुदत कुठे लिहिली आहे, असं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"कागदात नही, साहेब. पन हिले मालूम हाये. माझी पोरगी मास्तरीन हाये, खोटं बोलत नही. हिलेच विचारा."

त्यांच्या वकिलाला नेमकं हेच हवं होतं. तोंडी रद्द केलेलं मुखत्याराला कळलं असेल तर निदान झगडायला जागा होती. सगळा दावा माझ्या एका 'हो'वर येऊन ठेपला होता. माझ्या वकिलाने मला आदल्या दिवशीच पढवलं होतं. नाही म्हणू नका बाई, नाही म्हटलं तर खोटं ठरू शकतं. आठवत नाही म्हणा. आठवत नाही याला कोणी काही करू शकत नाही.

मला विचारलं गेलं, त्या आखाजीला ओट्यावर तुमचे वडील तुम्हाला काय म्हणाले?

समोर काका बसले होते, जमिनीवर, बाक रिकामा असताना. 'हो' म्हटलं असतं तर मळा कदाचित त्यांना मिळाला असता. पण 'हो' म्हणजे मी जाणूनबुजून सही केली, हे मीच भर कोर्टात सांगणं. ते माझ्याने होईना. माझी जीभ मी स्वतःच्या कानांनी ऐकली.

"मला आठवत नाही."

मी आबांकडे बघितलं. संताप असेल असं वाटलं होतं, त्याची तयारी करूनच गेले होते. पण ते माझ्याकडे असे बघत होते, जसे लहानपणी मला ताप आला की बघायचे. मला काही उलगडेना. मी मान फिरवली.

दावा फेटाळला. भाडेपट्टा पाच वर्षं राहिला. मुखत्यारपत्र तर त्यांनी रद्द केलंच होतं, त्यांच्या मर्जीचा कागद त्यांनी फिरवला, तिथे कुणाचं काही चालणार नव्हतं. म्हणजे माझ्या हातून मुखत्यारी गेली, आबांच्या हातून मळा गेला, आणि काकांचं सगळंच गेलं. पुढे भावाने त्यांना दीपनगरला ठेकेदाराकडे राखेच्या कामावर लावून दिलं. जन्मभर केळीच्या सावलीत राबलेला माणूस म्हातारपणी राख उपसायला लागला. पण रविवारची सुट्टी मिळाली की आबांकडे जाऊन यायचाच.

दावा संपल्यावर थोड्याच दिवसांत भाऊ एका रविवारी मेहरूणला आला. माझ्याशी तो धड बोलत नव्हता तेव्हा. उंबऱ्यातूनच त्याने कागदाची एक पुडी पुढे केली. आबांनी दिलेत, म्हणाला, रोज पाच खायला सांगितलेत. आणि पाणीही न पिता निघून गेला. आत बदाम होते. पुढच्या महिन्यात पुन्हा पुडी, त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. मी काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही. आमचं घराणंच तसं, सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही. मला कधी वाटायचं, म्हातारा समेट करू बघतोय. कधी वाटायचं, हा टोमणा आहे, हरलो तरी देणारा मीच, असा. मी ते बदाम काचेच्या बरणीत टाकत गेले. एकही खाल्ला नाही. बरणी भरली तशी फळीवर मागे ढकलून दिली. जाऊन आबांच्या पायावर डोकं ठेवावं असं शंभरदा वाटलं. बसस्टँडपर्यंत दोनदा गेले. कोणत्या तोंडाने त्यांच्यासमोर उभी राहू, या विचाराने दोन्हीदा परत फिरले.

त्या हिवाळ्यात आबा गेले. शाळेत फोन आला. मी पोचले तेव्हा त्यांना ओट्यावर आणून ठेवलं होतं.

पुढची आखाजी त्यांच्या घागरीची पहिली. भाऊ आणि मी दोघं गावी गेलो. मळा अजून त्या बागाईतदाराकडेच होता. मी घागर भरली, डांगर ठेवलं, भावाने आगारी टाकली. आबांच्या नावाने घास टाकताना त्याचा हात थांबला आणि तो एकदम लहान पोरासारखा रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, त्याने झटकला नाही.

काका आले होते. खांदे पडलेले, केसांत राखेचा रंग. भाऊ आत पानं वाढत होता, आणि काका ओट्याच्या कडेला हात धूत होते. मी त्यांच्या हातावर पाणी घालत होते. मनाशी पक्कं केलं होतं की आज बोलायचंच. आबांना सांगायचं राहिलं, निदान ज्याच्या तोंडचा घास काढला त्याला तरी सांगायचं. मी म्हटलं, "काका, त्या आखाजीला इथेच बसून आबा मला काय म्हणाले होते, ते मला आठवतं."

पुढचं वाक्य माझ्या ओठावर होतं. तेव्हाही आठवत होतं, हे वाक्य. पण काकांनी मान वर केली आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद दिसला की ते वाक्य तिथेच राहिलं.

"आठोलं तुले?" ते म्हणाले. "खरंच आठोलं?"

मग ओल्या हातांनीच ते सांगायला लागले. कोर्टातून आले त्या दिवशी आबा जेवले नव्हते. माझी पोरगी खोटं बोलणार नाही, म्हणत होते, तिला खरंच आठवत नाही. एवढ्या कमी वयात विसर पडायला लागला तिला. शाळा, घर आणि वरून माझा मळा, मीच तिच्या डोक्यावर नको तेवढं ओझं टाकलं. काकांनी एकदा म्हणून बघितलं होतं की आबा, वकिलाने शिकवलं असेल. तर आबा त्यांच्यावर चिडले आणि दोन दिवस बोलले नाहीत. कोर्टातून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी आबांनी काकांना यावलच्या बाजारात पिटाळलं होतं बदाम आणायला. पुढे दर महिन्याला, काका सुट्टीवर आले की पहिलं काम तेच. बदामाने याददाश्त येते म्हणे. भावाला बजावलं होतं की तिला कारण सांगू नको, पोरीच्या मनाला लागेल.

हातातल्या तांब्यातलं पाणी माझ्या पायावर सांडत होतं. मी 'हो' म्हणाले की काय म्हणाले, कोण जाणे.

काकांनी धोतराच्या सोग्याला हात पुसले. "लागू पडले म्हनायचे बदाम," ते म्हणाले. "आबाले मालूम पडाले पाह्यजे व्हतं." आणि आत जाऊन पानावर बसले.